तलफ आली की चंची उघडण्याआधी

निपाणी-चिकोडी पट्ट्यात तंबाखू शेतातही आहे आणि खिशातही. ‘उद्यापासून बंद’ म्हणणाऱ्याची तंबाखूची चंची फेकली जाते, पण शेजाऱ्याची असतेच. म्हणून आधी तलफ कुठे उठते ते पकडा.

बौद्ध प्रतीत्यसमुत्पादात, म्हणजे एकातून दुसरं कसं उपजतं या शिकवणीत, क्रम आहे: स्पर्श, वेदना (दुखणं नव्हे, बरं-वाईट वाटणं), तृष्णा, उपादान (धरून ठेवणं). चंची दिसली, बरं वाटलं, हवीशी झाली, हात गेला. साखळी तोडायची ती बरं वाटणं आणि हवंसं होणं यांच्यामध्ये. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांना बक्षीस म्हणून फळांचा रस दिला; त्या प्रयोगांत दिसलं की सवय जडल्यावर मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या पेशी रस मिळाल्यावर नव्हे, रस येणार या खुणेवरच उसळतात. रस आलाच नाही तर नेहमीपेक्षा मंदावतात. तलफेची तगमग बरीचशी हीच.

पहिले तीन दिवस सोडू नका, फक्त मोजा. मळण्याआधी दहापैकी किती मजा येईल ते लिहा, बार भरल्यावर पाच मिनिटांनी किती आली ते लिहा, आणि दोन्हींतला फरक बघा. एसटीच्या तिकिटाची मागची बाजू पुरते.

चौथ्या दिवसापासून तलफ आली की चंची दुसऱ्या खोलीत ठेवा, घड्याळ लावून दहा मिनिटं बसा. जबडा, जिभेखालची लाळ, मळायला शिवशिवणारा अंगठा, एवढंच बघत राहा. तंबाखूचा विचार मात्र नको. बहुतेक जण इथेच घसरतात. विषयाचं चिंतन केलं की आसक्ती जडते, हे गीतेत (2.62) स्पष्ट आहे. नवव्या मिनिटाला ‘एकदाच’ म्हणून बार भरलात तर सवय उलट चिवट होते, कारण अधूनमधून मिळणारं बक्षीस सहजासहजी सुटत नाही.

सोडल्यावरचे पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, झोपमोड जास्त. दोन ते चार आठवड्यांत ओसरते. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिला बार लागत असेल तर डॉक्टरांना निकोटिन गमबद्दल विचारा. गम थोडा चावून गालात धरायचा. भराभर चावून रस गिळला की उचकी लागते, छातीत जळजळतं. 1800-112-356 या सरकारी क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

घरी जमलं म्हणजे चहाच्या टपरीवर, भजनात किंवा सौंदत्तीला यल्लम्माच्या दर्शनाला जाणाऱ्या गाडीत जमेलच असं नाही. जुनी सवय पुसली जात नाही, तिच्यावर नवी बसते, आणि तीही जागेशी बांधलेली. विषय सुटले तरी रस, म्हणजे त्यांची गोडी, उरतो, हे गीता 2.59 मध्ये आहेच. प्रत्येक ठिकाणी तीच दहा मिनिटं नव्याने बसा. आणि बदली म्हणून सुपारी नको, तिनेही तोंडाचा कर्करोग होतो.