अमेरिकेतील लहान लिबरल आर्ट्स कॉलेजात व्यवसाय आणि नेतृत्व शिकताना या चुका टाळा

अमेरिकेतील लहान लिबरल आर्ट्स कॉलेजांची (एकाच व्यवसायाऐवजी विविध विषयांचे पदवी-शिक्षण देणाऱ्या कॉलेजांची) माहिती वाचताना आपल्याकडचे विद्यार्थी आणि पालक आधी ‘बिझनेस’ हा शब्द शोधतात, आणि पहिली चूक तिथेच होते. मॅसॅच्युसेट्समधील विल्यम्स आणि ॲमहर्स्ट या नामांकित कॉलेजांत बिझनेसचा मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, नाहीच. तेथून बँका आणि सल्लागार कंपन्यांत जाणारी मुले अर्थशास्त्र, गणित, प्रसंगी इतिहास शिकून जातात. याउलट व्हर्जिनियातील वॉशिंग्टन अँड ली येथे वाणिज्याचे स्वतंत्र स्कूल आहे, तर कॅलिफोर्नियातील क्लेअरमाँट मकेना कॉलेजात अर्थशास्त्र आणि अकाउंटिंग यांचा एकत्रित मेजर असून त्याच्या जोडीला नेतृत्व-अभ्यासाचे विषय घेता येतात. म्हणून नावावर न जाता कॉलेजचा कॅटलॉग उघडावा आणि मेजरसाठी सक्तीचे विषय कोणते, त्यांतील किती विषय गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्ष शिकवले गेले, हे पाहावे.

नेतृत्व म्हणजे मॅनेजमेंट नव्हे

रिचमंड विद्यापीठाने १९९२ मध्ये पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी नेतृत्व-अभ्यासाचे जेप्सन स्कूल सुरू केले; त्याच विद्यापीठात बिझनेस स्कूल मात्र वेगळे आहे. या फारकतीला कारण आहे. देवाणघेवाणीवर चालणारे नेतृत्व आणि अनुयायांनाच बदलून टाकणारे नेतृत्व हा आज सर्वत्र शिकवला जाणारा भेद १९७८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर बर्न्स यांनी मांडला, आणि ते विल्यम्समध्ये राज्यशास्त्र शिकवणारे प्राध्यापक होते. त्यामुळे अशा अभ्यासक्रमात नीतिशास्त्र, इतिहास आणि सामाजिक मानसशास्त्र यांचे वाचन भरपूर असते. कंपनी कशी चालवावी, याच्या सूत्रांची अपेक्षा ठेवून आलेला विद्यार्थी पहिल्याच सेमिस्टरमध्ये वैतागतो.

बारावी कॉमर्सला ओसीच्या (ऑर्गनायझेशन ऑफ कॉमर्स अँड मॅनेजमेंट) पेपरात फेयॉलची व्यवस्थापनाची १४ तत्त्वे मुद्देसूद लिहिली की गुण मिळतात. अमेरिकेतील या कॉलेजांत मात्र प्राध्यापक गावातला एकमेव कारखाना बंद करण्याच्या निर्णयावर दोन पाने लिहायला सांगतील आणि त्या दोन पानांत तुमची बाजू कोणती, ती का, आणि विरोधकाचा सर्वांत बळकट मुद्दा कोणता, एवढेच पाहतील. तत्त्वांची यादी देणारा निबंध ‘यात तुमचा युक्तिवाद कुठे आहे?’ अशा शेऱ्यासह परत येतो. शिवाय पंधरा-वीस जणांच्या वर्गात चर्चेतील सहभागालाही गुण असतात. आपल्याकडे गप्प बसून ऐकणारा विद्यार्थी शहाणा ठरतो, तिथे तो तयारी न करता आलेला समजला जातो. बोलायला जड जात असेल, तर वाचनातील एक परिच्छेद आणि त्यावरचा एक प्रश्न लिहूनच वर्गात जावे, आणि पहिल्या निबंधाआधी प्राध्यापकांना त्यांच्या ऑफिस अवर्समध्ये (विद्यार्थ्यांना भेटण्याच्या ठरलेल्या वेळेत) कच्चा आराखडा दाखवावा. ही वेळ फक्त अडचणीत आलेल्यांसाठी असते, हा समज खोटा आहे.

गणित आणि विषयांचा क्रम

अकरावीत ‘मॅथ्स की एसपी’ या प्रश्नावर ज्यांनी एसपी (सेक्रेटरियल प्रॅक्टिस) घेतले, त्यांना गणिताच्या अटीची झळ अधिक बसते. अर्थशास्त्राच्या मधल्या पातळीवरील विषयांसाठी बहुतेक ठिकाणी कॅल्क्युलस आणि इकॉनोमेट्रिक्ससाठी (आकडेवारीवरून आर्थिक संबंध तपासण्याच्या विषयासाठी) संख्याशास्त्र आधी पूर्ण झालेले असावे लागते. कॅल्क्युलस दुसऱ्या वर्षावर ढकलले की पुढची सगळी साखळी सरकते. त्यात लहान कॉलेजची खास अडचण अशी की वरच्या पातळीचा एखादा विषय एकच प्राध्यापक शिकवतात आणि ते सबॅटिकलवर (अध्यापनातून मिळणाऱ्या दीर्घ रजेवर) गेले की तो विषय वर्षभर मिळत नाही. तिसऱ्या वर्षी तुम्ही एक सेमिस्टर परदेशी जाणार असाल, तर वेळापत्रक आणखी बिघडते. दुसऱ्या वर्षाअखेर मेजर जाहीर करण्याआधी चौथ्या वर्षापासून मागे येत आठही सेमिस्टरचा तक्ता मांडावा. आधीच अडकला असाल, तर उन्हाळ्यात दुसरीकडे विषय घेता येतो, पण त्याची मान्यता विभागाकडून आधी लेखी घ्यावी.

सर्वांत महागात पडणारी चूक

एफ-१ या विद्यार्थी-व्हिसावरील विद्यार्थ्याला पदवीनंतर ओपीटीवर (शिकलेल्या विषयात तात्पुरते काम करण्याच्या परवानगीवर) १२ महिने काम करता येते आणि मेजर स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतील असेल, तर आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ मागता येते. ही वाढ मेजरच्या बोलीभाषेतील नावावर नसून आय-२० वर (कॉलेजने व्हिसासाठी दिलेल्या प्रमाणपत्रावर) छापलेल्या सहा आकडी सीआयपी क्रमांकावर, म्हणजे अभ्यासक्रमाच्या वर्गीकरण-क्रमांकावर, ठरते. सामान्य अर्थशास्त्राचा क्रमांक ४५.०६०१ या यादीत नाही. इकॉनोमेट्रिक्स व संख्यात्मक अर्थशास्त्राचा ४५.०६०३ आहे. बिझनेस ॲडमिनिस्ट्रेशन आणि संघटनात्मक नेतृत्व हे दोन्ही या यादीबाहेर आहेत. म्हणजे एकाच इमारतीत जवळपास तेच विषय शिकलेल्या दोन मुलांपैकी एकाला तीन वर्षे मिळतात आणि दुसऱ्याला एकच. प्रवेश घेण्यापूर्वीच कॉलेजला हा क्रमांक विचारावा. तिसऱ्या वर्षी लक्षात आले, तरी वाट बंद झालेली नसते: मेजर बदलून स्टेम क्रमांकाचा घेऊन किंवा तसा दुसरा मेजर जोडून तो आय-२० वर नोंदवून घेता येतो, मात्र त्यासाठी लागणारे विषय शिल्लक सेमिस्टरांत बसले पाहिजेत. ओपीटीचा अर्ज शिक्षण संपण्याच्या ९० दिवस आधीपासून ६० दिवस नंतरपर्यंत करता येतो. शेवटच्या आठवड्याची वाट पाहण्यात शहाणपण नाही. हे नियम बदलत असतात, तेव्हा सीनियर मुलांच्या व्हॉट्सॲप ग्रुपपेक्षा कॉलेजच्या डीएसओवर (परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचे काम पाहणाऱ्या अधिकाऱ्यावर) विसंबावे.

याच डीएसओला विचारल्याशिवाय जड जाणारा विषय सोडूही नये. सेमिस्टरला साधारण चारच विषय असतात. पूर्णवेळ विद्यार्थ्याला लागणाऱ्या किमान विषयांच्या खाली गेलात, तर प्रश्न गुणपत्रिकेचा न राहता व्हिसाचा होतो.

फीविषयी थोडक्यात: ॲमहर्स्ट आणि बोडन यांसारखी मोजकी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांची आर्थिक गरज न पाहता प्रवेश ठरवतात, बाकी बहुतेक ठिकाणी ती पाहिली जाते. प्रवेश हुकू नये म्हणून काही जण अर्जात आर्थिक मदत मागतच नाहीत आणि पुढच्या वर्षी मागू असे ठरवतात. अनेक कॉलेजे परदेशी विद्यार्थ्यांना ती नंतर देतच नाहीत, आणि हे त्यांनी आपल्या वेबसाइटवर स्पष्ट लिहिलेले असते.