शिफ्ट लेन्सने इमारती टिपताना या चुका टाळा

उंच इमारत फ्रेममध्ये मावावी म्हणून कॅमेरा वर उचलला की भिंती माथ्याकडे जाताना एकमेकींवर झुकतात. शिफ्ट लेन्स याच दुखण्यावरचा इलाज आहे. कॅमेरा सरळ ठेवायचा आणि फक्त लेन्स वर सरकवायची. तरीही "एवढी महागडी लेन्स घेतली, पण रेषा तिरक्याच" ही तक्रार कायम ऐकू येते.

दोष बहुधा लेन्सचा नसतो. कॅमेरा जरासा वर झुकलेला असताना शिफ्ट केलं, तर तिरक्या रेषा तिरक्याच राहतात. आधी शिफ्ट शून्यावर आणा, मग कॅमेऱ्यातली लेव्हल दोन्ही बाजूंनी जुळवा आणि त्यानंतरच लेन्स सरकवणाऱ्या नॉबला हात लावा. माथा कापला जातोय असं दिसलं की हात आपसूक ट्रायपॉडकडे जातो. तेवढा मोह आवरा.

दुसरी चूक म्हणजे नॉब शेवटपर्यंत, म्हणजे 12 मिमीपर्यंत, फिरवणं. गेटवे ऑफ इंडिया 26 मीटर उंच आहे. 25 मीटरवरून, 24 मिमी लेन्स आणि फुल फ्रेम (36×24 मिमी सेन्सरचा) कॅमेरा उभा धरून, माथा जेमतेम मावायला साधारण 5.5 मिमी शिफ्ट लागतं. वर थोडं आकाश हवं तर 8 मिमी. पुढचे 4 मिमी वापरले तर आकाशच वाढतं आणि कोपरे ताणले जातात. कॅमेरा आडवा असेल तर 12 मिमीला क्षितिज थेट फ्रेमच्या खालच्या कडेवर येतं, म्हणजे इमारतीचा पायाच गेला!

राजाबाई टॉवरची गोष्ट वेगळी. सुमारे 85 मीटर उंचीचा हा मनोरा याच लेन्सवर, कॅमेरा उभा धरून पूर्ण 12 मिमी शिफ्ट केलं तरी, साधारण 67 मीटरपेक्षा जवळून मावत नाही. मागे सरका. मागे जागाच नसेल तर शिफ्ट पूर्ण करून कॅमेरा किंचित वर झुकवा आणि उरलेलं सॉफ्टवेअरमध्ये सुधारा. तिथेही रेषा अगदी काटेकोर सरळ करू नका. जवळून टिपलेला मनोरा तसा केला की वरून रुंद झाल्यासारखा दिसतो. थोडा उतार राहू द्यावा, असं माझं ठाम मत आहे.

फोटोची एकच बाजू धूसर येत असेल तर लेन्सचा टिल्ट, म्हणजे लेन्स तिरकी करण्याची सोय, शून्यावरून हललाय का ते बघा; बॅगेतून काढताना तो सहज सरकतो. डीएसएलआरवर शिफ्ट केल्यावर कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर चुकीचं वाचू शकतो, म्हणून एक्स्पोजर शिफ्टच्या आधी मॅन्युअलवर ठरवून घ्या. कोपरे काळे पडले तर जाड फिल्टर काढून पुन्हा बघा.

डावीकडे-उजवीकडे शिफ्ट करून घेतलेल्या फोटोंचा एक रुंद पॅनोरमा जोडताना जवळचे खांब जुळत नाहीत, कारण लेन्सच जागेवरून हललेली असते. लेन्स 12 मिमी डावीकडे नेली तर कॅमेरा तेवढाच उजवीकडे सरकवा, म्हणजे लेन्स होती तिथेच राहते.

आरशासमोर ही लेन्स फार उपयोगी पडते, पण तिथे लोक कॅमेरा आरशाकडे वळवतात आणि चौकट तिरकी होते. 24 मिमीवर 12 मिमी शिफ्ट म्हणजे 2 मीटर अंतरावर फ्रेम 1 मीटर सरकते. तेव्हा आरशाच्या मध्यापासून मीटरभर बाजूला उभे राहा, कॅमेरा भिंतीला समांतर ठेवा आणि लेन्स आरशाकडे सरकवा. आरसा दीडेक मीटर रुंद असला, तरी तुम्ही त्यात दिसणार नाही.