नेक लिफ्टनंतर बरे होताना या चुका टाळा

नेक लिफ्ट शस्त्रक्रियेत हनुवटीखाली आणि कानांच्या मागे छेद घेऊन मानेवरची सैल त्वचा कमी केली जाते, गरज असेल तेथे चरबी काढली जाते आणि प्लॅटिस्मा हा त्वचेखालचा पातळ स्नायू शिवून घट्ट केला जातो. त्यासाठी मानेवरची त्वचा बऱ्याच मोठ्या भागात खालच्या थरापासून सुटी करावी लागते आणि ती पुन्हा घट्ट चिकटेपर्यंत मधल्या जागेत रक्त किंवा द्रव साचण्याचा धोका राहतो. घरी जाताना दिलेल्या बहुतेक सूचना याच धोक्यासाठी असतात. हे कारण नीट समजावून सांगितले गेले नाही, तर त्या सूचना जाचक वाटू लागतात आणि रुग्ण स्वतःच त्यांत सवलत घेऊ लागतो.

सर्वांत गंभीर चूक म्हणजे एका बाजूची सूज ‘ऑपरेशन झाले आहे, सूज येणारच’ असे म्हणून सोडून देणे. सूज तर येतेच. ती साधारण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते आणि नंतर हळूहळू उतरते. काळेनिळे डाग छातीच्या वरच्या भागापर्यंत उतरलेले दिसतात, तेही केवळ गुरुत्वाकर्षणामुळे, आणि ते बहुधा दोन आठवड्यांत फिके होतात. मात्र एकच बाजू झपाट्याने फुगणे, तेथील वेदना औषध घेऊनही वाढत जाणे, त्वचा ताणून जांभळट दिसणे ही आत रक्त साचत असल्याची, म्हणजे हिमॅटोमाची लक्षणे आहेत. हा प्रकार बहुतेक वेळा पहिल्या 24 तासांत घडतो. त्यामुळे त्या रात्री घरात जाणते माणूस सोबत असावे आणि त्याने दर काही तासांनी पुरेशा उजेडात मानेच्या दोन्ही बाजू समोरून ताडून पाहाव्यात. फरक वाढतो आहे असे दिसले तर सकाळची वाट न पाहता सर्जनना फोन करावा. श्वास घेताना किंवा गिळताना अडथळा जाणवू लागला, तर फोनवर बोलण्यातही वेळ न दवडता थेट तातडीच्या विभागात जावे.

रक्तस्रावाला निमंत्रण देणाऱ्या गोष्टी अनेकदा साध्या दिसतात. रक्तदाबाची नेहमीची गोळी गडबडीत राहून जाते. वाकून जमिनीवरची वस्तू उचलली जाते. बद्धकोष्ठतेमुळे शौचाला जोर करावा लागतो. तीव्र वेदनाशामकांमुळे बद्धकोष्ठता हमखास होते, म्हणून त्यावरचे सौम्य औषध आधीच विचारून ठेवावे. ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, तसेच व्हिटॅमिन ई किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या सर्जनना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, कारण त्यांमुळे रक्तस्राव वाढू शकतो. याची उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे: हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर ते स्वतःच्या मनाने बंद करणे अत्यंत धोक्याचे आहे, आणि तो निर्णय सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो.

झोपण्याच्या बाबतीत एक चूक फार मनापासून केली जाते. डोके उंच ठेवा असे सांगितले की एकावर एक उशा रचल्या जातात, आणि परिणामी हनुवटी छातीकडे झुकून नेमका शिवलेला भागच दुमडतो. खरी गरज कमरेपासून वरचे संपूर्ण अंग तिरके ठेवण्याची असते. पाठीवर झोपावे, पाठीखालून आधार द्यावा आणि हनुवटी व मान यांमधला कोन मोकळा राहू द्यावा. कुशीवर वळण्याची सवय असल्यास दोन्ही बाजूंना उशा लावाव्यात. साधारण दोन आठवडे हे पाळावे लागते.

हनुवटीखालून मानेवर बांधायच्या दाबपट्ट्याचेही तसेच आहे. ‘जितका घट्ट तितका चांगला’ ही समजूत चुकीची आहे, कारण अति दाबाने त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो. हनुवटीखाली पट्ट्याला पडलेली घडी तासन्‌तास रुतून राहिली तरी तेथे बधिरपणा असल्याने ती जाणवत नाही. म्हणून प्रत्येक वेळी पट्टा बांधल्यावर तो बोटाने सपाट करून घ्यावा. साचणारे रक्त-द्रव बाहेर काढणारी ड्रेन नळी असेल तर ती सहसा एक-दोन दिवसांत काढतात, तोवर ती ओढली जाणार नाही असे पाहावे.

हा बधिरपणा काही आठवडे ते काही महिने टिकतो आणि कानाच्या पाळीपर्यंत जाणवू शकतो. तो बहुतेकदा आपोआप ओसरतो, पण तोपर्यंत शेकण्याची पिशवी, गरम हवेचा ड्रायर किंवा थेट लावलेला बर्फ यांनी त्वचा भाजली वा गोठली तरी कळत नाही. पुरुषांनी दाढीसाठी पाते वापरण्याची घाई करू नये.

धूम्रपानाबद्दल मला कोणतीही पळवाट सुचवायची नाही. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि सुटी केलेली त्वचा, विशेषतः कानामागची, काळी पडून मरू शकते. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर किमान चार-चार आठवडे सिगारेट, तंबाखू, व्हेप हे सर्व बंद हवे. निकोटिनचे च्युइंगगम आणि पॅचही त्यातच आले.

पहिल्या दिवसापासून घरात हळूहळू चालावे, कारण पडून राहिल्याने पायांत रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. जड वजन उचलणे आणि जोराचा व्यायाम मात्र चार ते सहा आठवडे टाळावा. मागे पाहायचे असेल तेव्हा मान न पिळता खांद्यांसह वळावे. मान मोकळेपणाने वळू लागेपर्यंत आणि तीव्र वेदनाशामके थांबेपर्यंत गाडी चालवू नये.

तिसऱ्या आठवड्यात आरशासमोर निराश होणारे अनेक असतात. हनुवटीखाली कठीण गाठी लागतात, मान आवळल्यासारखी वाटते, हसताना खालचा ओठ एका बाजूला थोडा कमी हलतो. यांतले बरेचसे काही आठवड्यांत ते काही महिन्यांत सुधारते, पण ओठाची हालचाल आणि पाण्यासारखी हलणारी मऊ फुगवटी यांची माहिती पुढच्या तपासणीपर्यंत न ठेवता सर्जनना द्यावी. ताप, वाढती लाली किंवा पू दिसल्यास त्याच दिवशी दाखवावे. कुणाच्या तरी सांगण्यावरून गाठी जोराने चोळू नयेत. मालिश कधी आणि कसे करायचे हे सर्जननीच शिकवायचे असते. मानेचा आकार तीन ते सहा महिन्यांनी स्थिरावतो आणि व्रण फिके व्हायला वर्षही लागते, तोवर बाहेर पडताना ते झाकावेत आणि जखम पूर्ण भरल्यावर त्यांवर सनस्क्रीन लावावे.