सरकारी खात्याचं पेज चालवता? मग या चुका टाळा भाऊ

मी सात वर्षं नागपुरातल्या एका सरकारी ऑफिसचं फेसबुक अन् एक्स सांभाळलं, कंत्राटी. ऑफिसचं नाव सांगत नाही. आता नवीन पोरं फोन करतात, दादा रीच कशी वाढवायची? अरे बावा, आधी नळ कधी येणार ते तरी नीट लिही.

माझं डोकं सगळ्यात जास्त फिरवते ती चूक म्हणजे सहीशिक्क्याचं पत्र स्कॅन करून जसंच्या तसं टाकणं. 'उपरोक्त विषयान्वये' मोबाईलवर झूम करून कोण वाचते? दृष्टिहीन माणसाचा फोन तर फोटोतलं पत्र धड वाचूनही दाखवत नाही. मीही हेच केलं होतं. शटडाऊनची नोटीस होती, 'उद्या सकाळी १० ते रात्री १० पाणीपुरवठा बंद'. तारीख वरच्या कोपऱ्यात होती आणि शेजारचा शिक्का वाकडा दिसते म्हणून मी तो कोपराच कापला. पोस्ट मंगळवारची, पण व्हॉट्सॲपवर ती शुक्रवारपर्यंत फिरत होती. शुक्रवारी रात्री त्रिमूर्तीनगरात लोकांनी हंडे, ड्रम, बादल्या सगळं भरून ठेवलं, सगळे एकदम भरत बसले म्हणून टोकाच्या घरांना पाणी चढलंच नाही, आणि शनिवारी नळ धो धो. एका काकूंची कमेंट अजून पाठ आहे: "तुमचं उद्या कधी संपते जी?"

तेव्हापासून माझ्या पोस्टमध्ये आज-उद्या बंद. वार, तारीख, वेळ, वस्त्यांची नावं पहिल्याच ओळीत, आणि तारीख फोटोवरही मोठ्या अक्षरात, कारण फॉरवर्ड होताना कॅप्शन गळते. टाकायच्या आधी ऑफिसच्या चहावाल्याला वाचायला द्यायचो, त्याला नाही समजलं तर पुन्हा लिहायचो. साहेबांना हे आवडायचं नाही, पण चहा त्यांनाही लागायचा.

दुसरी चूक, आठवडाभराच्या पोस्ट शेड्यूल करून निवांत झोपणं. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट नागपूरकर विसरणार नाही, चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी लोकांच्या घरात. दिवस गणपतीचे. सकाळी बरोबर आठला आमच्या पेजवर पोस्ट पडली, 'बाप्पासोबत सेल्फी काढा, बक्षीस जिंका'. खाली एकानं कंबरभर पाण्यात उभ्या फ्रीजचा फोटो टाकला, "हा चालते का?" माझ्याच घरची लाइट गेली होती, फोन १२ टक्क्यांवर, डिलीट करायला वीस मिनिटं लागली. शेड्यूल करूच नका असं नाही म्हणत, पण पावसाळ्यात मी उठल्याबरोबर आधी आभाळ पाहतो, मग रांगेतल्या पोस्ट.

जोक मारायची घाई तर विचारूच नका. २०१९ मध्ये चांद्रयान-२ च्या विक्रम लँडरशी संपर्क तुटला तेव्हा नागपूर पोलिसांनी ट्विट केलं होतं की विक्रमा, उत्तर दे, सिग्नल तोडल्याचं चलान नाही करणार. देशभर गाजलं, आणि तेव्हापासून प्रत्येक ऑफिसला तसंच काहीतरी पाहिजे. तुमच्या मागच्या चाळीस कमेंट बिनउत्तराच्या पडल्या आहेत ना, मग जोक लोकांना चिडवल्यासारखाच वाटतो.

आणि उत्तर म्हणजे 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे पाठवली आहे' हे चिकटवणं नाही. तक्रार राज्य सरकारच्या 'आपले सरकार' पोर्टलवर किंवा खात्याच्या ॲपवर नोंदवायला सांगा, तक्रारीचा नंबर मागून घ्या. मी तो साध्या वहीत लिहायचो, सोमवारी वही घेऊन साहेबांच्या टेबलाशी उभा. ॲप-बीप काही नाही.

लोकांना कमेंटमध्ये मोबाईल नंबर अन् पत्ता टाकायला लावू नका, ठग तिथंच बसून असतात.

दाखल्यांची पोस्ट टाकताना मुदत, फी आणि पदनिर्देशित अधिकारी, म्हणजे दाखला द्यायची जबाबदारी ज्याची तो, लिहा. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं हे बोर्डावर लावायला सांगितलंच आहे, पेजवर टाकायला काय जाते?

आचारसंहिता लागली की कव्हरवरचा मंत्र्यांचा फोटो आधी काढा.

जयंत्या, सत्कार, पुष्पगुच्छ: आठवड्यातून एक पुरे.

आणि पासवर्ड बाबूच्या पर्सनल मोबाईलवर ठेवू नका. आमच्याकडे एकाची बदली झाली, सिम बंद, ओटीपी येईना, शेवटी नवीन पेज काढलं. जुनं तसंच आहे, कव्हरवर २०१७ चं वृक्षारोपण, अन् खाली लोक अजूनही गटाराचे फोटो टाकून राहिले.