दुसरं लग्न, पेन्शन आणि रेशनकार्ड : माझा अनुभव

पहिले मिस्टर गेल्यावर मला संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याला 1500 रुपये सुरू झाले होते. यंदा दुसरं लग्न केलं, मुलीला घेऊन तासगावहून कराडला आले. शेजारणीचा सल्ला, "कुणाला कळतंय? गप बस." पण ते पैसे विधवा म्हणून मिळत होते. शिवाय वर्षाला कुटुंबाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, आणि ह्यांचा पगार त्याच्या कितीतरी वर. पुढं वसुली निघाली तर? तहसीलमध्ये विवाह प्रमाणपत्राची झेरॉक्स जोडून अर्ज दिला. लग्नानंतर आलेला एक हप्ताही परत भरला. अर्जाच्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या, मी दोनदा परत जाऊन घेतली.

खरा घोळ रेशनचा. कराडच्या दुकानात नवीन कार्डात नाव घालायला गेले, तर आधार आधीच जुन्या कार्डाला जोडलेलं. तिकडून कमी झाल्याशिवाय इकडं चढत नाही. तोवर दुकानदारानं मशीनवर अंगठा घेतला, जुनं कार्ड उघडलं : सासूबाई, मी, मुलगी, माणशी 5 किलो. आमच्या दोघींचं 10 किलो कराडातच उचललं, सासूबाईंचं तासगावात राहिलं.

नाव कमी करायला कार्डप्रमुख म्हणून सासूबाईंचा अर्ज लागला. "माझं धान्य बंद नाही ना होणार?" एवढंच त्यांनी विचारलं आणि सही केली. कमी केल्याचा दाखला मिळाल्यावर कराडात आमची नावं चढली.