पुतळा बघायला जाताय? आधी मागून चक्कर मारा
समोर उभं राहून सेल्फी काढली की झालं असं करू नका हो, आधी पुतळ्याभोवती पूर्ण गोल फिरा, कारण खरं काम बऱ्याचदा मागच्या बाजूला सापडतं, कपड्यांच्या चुण्या, पाठीचा ताण, खाली कोपऱ्यात शिल्पकाराची सही. वेळ सकाळची किंवा संध्याकाळची धरा, तिरका उजेड पडला की हातावरची एकेक शीर उठून दिसते, भर दुपारी चेहरा नुसता काळा.

आणि पुतळा किती उंचावर आहे तेही बघा, त्यानं सगळंच बदलतं! इटालियन शिल्पकार मायकेलअँजेलोचा डेव्हिडचा पुतळा मुळात फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या वर बसवायचा होता, त्याचं डोकं नि हात मोठे वाटतात ते खालून नीट दिसावेत म्हणूनच असं बरेच जण मानतात. उलट फ्रेंच शिल्पकार रोदाँला त्याचं 'द बर्गर्स ऑफ कॅले' हे शिल्प लोकांच्या पातळीवर, जमिनीलगत हवं होतं, पण १८९५ मध्ये ते उंच चौथऱ्यावरच चढवलं.

ब्राँझच्या पुतळ्याचं नाक किंवा बोटंच पिवळीधमक चमकतायत? लोकांनी हात लावून लावून वरचा थर घासून गेलेला असतो, प्लीज तुम्ही नका लावू.