क्षारपड मातीत ‘जीवाणू नाहीत’ असं लिहिण्याआधी या चुका टाळा

वाळवा, मिरज, पलूस भागातल्या क्षारपड जमिनीवर प्रकल्प करणाऱ्यांची सगळ्यात मोठी चूक प्लेट (सूक्ष्मजीव वाढवायची, माध्यम भरलेली बशी) ओतण्याआधीच झालेली असते.

एका गटाने उन्हाळ्यात शेतावर आलेली पांढरी पापडी खरवडून आणली. २० टक्के मिठाचं माध्यम नीट बनवलं. पण माती विरळ केली ती नेहमीच्या ०.८५ टक्के सलाइनमध्ये, कारण त्या नळ्या भरून तयार होत्या! आठ दिवसांनी प्लेटा कोऱ्या, आणि अहवालात ‘माती निर्जीव’.

अति मिठात राहणारे आर्किया (जीवाणूंसारखे दिसणारे, पण वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव) पेशीत पोटॅशियम क्लोराइड साठवून बाहेरच्या मिठाशी बरोबरी करतात. मीठ साधारण १० टक्क्यांखाली गेलं की बाहेरचं पाणी आत घुसतं, आवरण सुटतं आणि पेशी नळीतच फुटते. मिठाऐवजी एक्टोईन, बीटेन अशी सेंद्रिय द्रव्यं पेशीत साठवणारे जीवाणू ती द्रव्यं झटकन बाहेर सोडून हा धक्का बऱ्याचदा सोसतात. त्यामुळे वसाहती (प्लेटवर वाढून दिसणारे ठिपके) आल्या तरी मोजणी एकाच बाजूची, जीवाणूंचीच होते.

ज्या माध्यमावर पसरायचं, त्याच्याइतकंच मीठ विरळ करायच्या पाण्यात हवं. ३, १० आणि २० टक्के असे तीन संच लावा. ९ मिलि मीठपाण्यात १ ग्रॅम माती, १५ मिनिटं हलवणं, मग तशाच दहा-दहा पट विरळ करायच्या पुढच्या पायऱ्या आणि प्रत्येकीतून ०.१ मिलि प्लेटवर. ३ टक्क्यांवर दोन-तीन दिवसांत वसाहती दिसतात, २० टक्क्यांवर दोन-तीन आठवडे थांबावं लागतं. आठवड्याभरात निकाल हवा असेल तर कृपा करून दुसरा विषय घ्या. प्लेटा पॉलिथिनच्या पिशवीत बंद ठेवा. सुकल्या की कडेला मिठाचे खडे धरतात आणि नवखे तेच वसाहती म्हणून मोजतात.

निर्जंतुक केलेल्या माध्यमात वरून खडेमीठ टाकू नका. मिठागरातले आर्किया खड्यातल्या पाण्यात जिवंत असतात आणि गुलाबी वसाहती तुमच्या शेताच्या नावावर जमा होतात. माती न घातलेली एक प्लेट कायम सोबत हवी.



दुसरी मोठी चूक: वाढला म्हणजे तो तिथे सक्रिय होता, असं धरणं. मे महिन्यात कासच्या तापलेल्या कातळावरची माती प्लेटवर भरपूर वसाहती देते, पण त्यातले बरेच बॅसिलस जातीचे जीवाणू बीजाणू (उष्णता सोसणारं, झोपलेलं रूप) होऊन निपचित पडलेले असू शकतात. विरळ केलेल्या नमुन्याचा एक भाग ८० अंशांना १० मिनिटं तापवून पसरा, दुसरा न तापवता. दोन्ही आकडे जवळपास सारखे आले, तर तुम्ही मुख्यतः बीजाणूच मोजलेत. सक्रियता दाखवायची तर माती ओली न करता बंद बाटलीत ठेवा, शेजारी सोडियम हायड्रॉक्साइडची छोटी वाटी ठेवून त्यात शोषला गेलेला कार्बन डायऑक्साइड आम्लाने मोजा. पाणी शिंपडलंत की झोपलेले जागे होतात आणि मोजमाप मेचं न राहता जूनचं होतं. चोपण (सोडियम जास्त असलेल्या, अल्कधर्मी) मातीत मात्र ही रीत चालत नाही, कारण तिथला अल्कलीच बराचसा वायू धरून ठेवतो.